डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसाचा तोल आणि व्हिडिओ गेम: घरी सुरुवात कशी करावी

ताई पडली ती जुलैमधल्या एका सकाळी, आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत. फरशी ओली होती, पण पाचच मिनिटांपूर्वी आई त्याच फरशीवरून भरलेली बादली घेऊन गेली होती. ताईचा पाय जरासा सरकला आणि तिला सावरता आलं नाही. हात पुढे आला तोही उशिरा. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, मनगट जुळलं, पण तोवर ताईनं जिना उतरणंच सोडून दिलं होतं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तेव्हा ३६ वर्षांची. तिला डाऊन सिंड्रोम आहे. फिजिओथेरपीचे व्यायाम तिला लिहून दिले होते. ते ती दोन दिवस करायची आणि तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपायची. मग एका रविवारी माझा मुलगा टीव्हीवर गाडीची शर्यत खेळत होता. ताई त्याच्यामागे उभी राहून प्रत्येक वळणाला डावीकडे-उजवीकडे कलत होती, पाय न उचलता, पडायची भीती विसरून. तिथून हे सगळं सुरू झालं.

मी मात्र क्रम उलटा केला. आधी मशीन आणलं आणि मग डॉक्टरांकडे गेले. त्यात पैसे गेले, चार महिने गेले, आणि ताईच्या मानेला धोका होऊ शकला असता हे मला नंतर कळलं. तुमच्या घरात भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, आत्या, काका कुणीही असो, तुम्ही योग्य क्रमानं जावं म्हणून पायरी-पायरीनं लिहिते आहे.

सुरुवातीला, तोल का जातो ते

आपला तोल डोळे, आतला कान आणि पायांतून-सांध्यांतून येणारी जाणीव या तिघांवर उभा असतो. मेंदूच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू त्यांचा मेळ घालतो. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि तिचा परिणाम या सगळ्या साखळीवर होतो. स्नायूंचा ताण मुळात कमी, सांधे सैल, तळपाय बहुधा सपाट, नजर आणि ऐकणं यांत अडचणी, आणि लहान मेंदूचा आकारही कमी. म्हणून ही माणसं पाय फाकवून, तळवे टेकवत चालतात. तो त्यांचा हलगर्जीपणा नसतो. अंगाला सापडलेला तो सुरक्षित मार्ग असतो.

गेमचा उपयोग कुठे होतो? तोल सुधारायला शरीराचं वजन हळूहळू एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचा सराव शेकडो वेळा करावा लागतो. नुसतं "डावीकडे झुक, उजवीकडे झुक" असं सांगून कुणी शेकडो वेळा करत नाही. पडद्यावरचा पेंग्विन मासे पकडत असेल तर करतं. शिवाय डाऊन सिंड्रोममध्ये ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा पाहून शिकणं सहसा सोपं जातं, आणि गेममध्ये आपल्या हालचालीचा परिणाम लगेच डोळ्यांसमोर दिसतो. परदेशांत मुलांवर आणि प्रौढांवर याचे छोटे-छोटे अभ्यास झाले आहेत. त्यांत तोल आणि चालणं सुधारल्याचं दिसलं आहे. ते गट लहान होते आणि कालावधी काही आठवड्यांचा होता, म्हणून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. फिजिओथेरपी बंद करून त्या जागी गेम आणायचा विचार तर अजिबात नको.

पायरी १: आधी मान

ही पायरी गाळू नका. बाकी कुठलीही मागेपुढे झाली तरी चालेल.

सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असल्यामुळे मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधला सांधाही जास्त हलू शकतो. डॉक्टर त्याला अॅटलांटो-अॅक्सियल इनस्टॅबिलिटी म्हणतात. एक्स-रेमध्ये हा सैलपणा साधारण १० ते २० टक्के जणांत दिसतो. प्रत्यक्ष त्रास एक-दोन टक्क्यांनाच होतो, पण ज्यांना होतो त्यांच्या मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. अशा माणसाला झटक्यानं मान हलवायला लावणारा किंवा उड्या मारायला लावणारा गेम देणं धोक्याचं आहे.

हाडांच्या डॉक्टरांना किंवा पुनर्वसन विभागातल्या डॉक्टरांना सरळ विचारा: मानेचा बाजूने एक्स-रे लागेल का, मान सरळ, पुढे झुकवून आणि मागे नेऊन? एक्स-रेच्या वेळी मान त्या माणसानं स्वतः, जेवढी सहज जाईल तेवढीच वाकवायची. कुणी हातानं दाबून वाकवत असेल तर तिथेच थांबवा. आमच्या वेळी मी खोलीत शिसाचा एप्रन घालून उभी राहिले आणि ताईला आधी करून दाखवलं: "देवाला नमस्कार करतेस तशी खाली बघ. आता छताचा पंखा बघ." तिला लगेच जमलं.

एक्स-रे चांगला आला तरी पुढची लक्षणं पाठ करून ठेवा. मान दुखणं किंवा एका बाजूला वाकडी धरणं, चालण्यात अचानक बदल, हातातून वस्तू पडू लागणं, हातपायांना मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं. यातलं काहीही नव्यानं दिसलं तर गेम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

ताईच्या मानेतल्या त्या दोन मणक्यांमधलं अंतर मर्यादेत निघालं. डॉक्टरांनी दोन गोष्टी मात्र लिहून दिल्या: उडी नाही, मानेला झटका नाही. तो कागद आमच्या टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

पायरी २: हृदय, थायरॉइड, डोळे, कान, पाय

डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. लहानपणी ऑपरेशन झालं असलं तरी मोठेपणी हृदयाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून "किती श्रम चालतील" हे विचारून घ्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. व्यायाम करताना यांच्या नाडीचे ठोके इतरांइतके वर जात नाहीत. त्यामुळे २२० मधून वय वजा करायचा जिममधला हिशोब इथे लावू नका. घड्याळाऐवजी बोलण्यावर लक्ष ठेवा. खेळताना एक अख्खं वाक्य न थांबता बोलता येत असेल तर श्रम ठीक आहेत.

थायरॉइडबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ही आमच्या घरातली चूक आहे. ताई वर्षभर सुस्त होती. दुपारी झोपायची, उठायला कंटाळायची, जिन्यावर दोनदा बसायची. आम्ही सगळे तिला "आळशी झालीस" म्हणत होतो. रक्त तपासलं तर टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. गोळी सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत ती स्वतःहून सकाळी दूध आणायला माझ्याबरोबर निघाली. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं इतकं नेहमीचं आहे की ही तपासणी दरवर्षी करावी. जे वागणं स्वभाव वाटतं ते आधी रक्तात तपासून पाहावं.

डोळ्यांचा नंबर आणि मोतीबिंदू पाहून घ्या. मोतीबिंदू यांना लवकर होऊ शकतो. कानाची नळी अरुंद असते म्हणून मळ साचतो. कान साफ करून मगच ऐकण्याची तपासणी करा. ती वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत होते. तळपाय अगदी सपाट असतील तर बुटातल्या आधाराबद्दल फिजिओंना विचारा. पूर्वी कधी आकडी आली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण लुकलुकणाऱ्या पडद्यानं काही जणांना आकडी येऊ शकते.

चाळिशीच्या आसपासच्या माणसाचं चालणं किंवा आठवण अलीकडेच बदलली असेल तर "वय झालं" म्हणून सोडू नका. या मंडळींना विस्मरणाचा आजार इतरांपेक्षा लवकर येऊ शकतो. त्याची तपासणी वेगळी असते.

मुंबईत हे सगळं एका छताखाली बघायचं असेल तर हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. १९५५ सालची ही केंद्र सरकारची संस्था. डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, बूट-आधार बनवणारा विभाग, सगळं तिथे आहे. सकाळी लवकर जा, डबा बरोबर ठेवा, आणि त्या दिवशी दुसरं काही काम ठरवू नका. केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांतही फिजिओथेरपीचे विभाग आहेत.

पायरी ३: कागदपत्रांची फाइल

एकच प्लास्टिकची फाइल करा. आत हे ठेवा:

- यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आणि आधार कार्ड
- लहानपणीच्या ऑपरेशनचे कागद आणि अलीकडचा इको (हृदयाची सोनोग्राफी)
- मानेचा एक्स-रे, फिल्मसकट (नुसता रिपोर्ट पुरत नाही)
- थायरॉइडचा शेवटचा रिपोर्ट, चष्म्याचा नंबर, कानाची तपासणी
- चालू औषधांची यादी
- निरामय विम्याचं कार्ड, काढलं असेल तर
- कुठल्या हालचाली करायच्या नाहीत याची डॉक्टरांची किंवा फिजिओंची सहीची चिठ्ठी

निरामय ही नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना, एक लाख रुपयांपर्यंतची. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांना ती घेता येते. काढली नसेल तर काढून घ्या.

पायरी ४: आजचा तोल वहीत लिहा

मशीन सुरू करण्याआधी आजची स्थिती मोजून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी "जरा बरं वाटतंय" यापलीकडे काही सांगता येणार नाही. घरी करण्यासारख्या तीन गोष्टी फिजिओंनी मला शिकवल्या.

पहिली, खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि त्याला लागलेले सेकंद मोजायचे. आमच्या खोलीत सलग तीन मीटर मिळत नाहीत म्हणून गॅलरीत रंगीत चिकटपट्टी लावली. दुसरी, स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभं राहून एका पायावर किती सेकंद. हात ओट्याच्या वर तयार ठेवायचा, टेकवायचा नाही. तिसरी, हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस.

प्रत्येक वेळी तीच खुर्ची, साधारण तीच वेळ, आणि आधी एकदा करून दाखवायचं. पहिल्या दिवशी ताईला उजव्या पायावर दोन सेकंद जमले आणि डाव्यावर पाय उचललाच नाही. मी तेवढंच लिहिलं.

याच पानावर एक खरी इच्छाही लिहा, आणि ती त्या माणसाला विचारून लिहा. मला वाटलं होतं ताई म्हणेल "पडायचं नाही". ती म्हणाली, "करी रोडचा पूल." करी रोड स्टेशनचा पूल चढून पलीकडे मावशीकडे जायचं होतं तिला, कुणाचा हात न धरता.

पायरी ५: मशीन कुठलं

मी तीन प्रकार जवळून पाहिले.

निन्टेंडो कंपनीचं वी (Wii) हे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आणि त्याचा बॅलन्स बोर्ड, म्हणजे उभं राहायची पाटी. वी २००६ साली आलं, बोर्ड आणि वी फिट हा गेम २००७ च्या शेवटी जपानमध्ये. बोर्डाच्या चारही कोपऱ्यांत सेन्सर असतात आणि तुमचं वजन कुठल्या पायावर किती आहे ते पडद्यावर दिसतं. तोलासाठी मला हेच सर्वांत उपयोगी वाटतं. उभं राहायची जागा ठरलेली असते, उंची जेमतेम पाच सेंटीमीटर असते, आणि सांभाळणारं माणूस शेजारी उभं राहिलं तरी यंत्राचा गोंधळ होत नाही. हे आता जुनं मशीन आहे, वापरलेलंच मिळतं.

एक्सबॉक्सचा कायनेक्ट. हा २०१० चा कॅमेरा, शरीर पाहून हालचाल ओळखणारा. हातात-पायाखाली काही नसतं ही चांगली बाजू. पण समोर सहा फूट मोकळी जागा लागते, आणि आधाराला शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच तो खेळाडू समजतो. ज्याला आधाराची गरज नाही त्याच्यासाठी ठीक.

निन्टेंडो स्विच आणि त्यावरचा २०१९ चा रिंग फिट हा व्यायामाचा गेम. वीपेक्षा नवं आहे, सुंदर आहे, पण त्यात जागच्या जागी धावणं, वाचणं, मेन्यू निवडणं फार. तोल मोजणारी पाटी त्यात नाही. सुरुवातीला नको.

आता खरेदी. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे माल बाहेरून आलेला असतो. लॅमिंग्टन रोड, हाजीअलीचं हीरा पन्ना, किंवा ओळखीतल्या कुणाच्या माळ्यावर पडलेला सेट, यापैकी काहीही चालेल. पण पैसे देण्याआधी एवढं तपासा:

*अॅडाप्टर.* मला एका दुकानातून अमेरिकेचा सेट मिळाला. दुकानदार म्हणाला, "पिन बदला, चालेल." घरी लावला आणि दोन मिनिटांत जळका वास आला. अॅडाप्टरवर १२० व्होल्ट छापलेलं होतं, आपल्या घरात २३० येतात. पिनेचा कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही. जपानचा किंवा अमेरिकेचा सेट असेल तर २३० व्होल्टचा अॅडाप्टर वेगळा घ्या.

*डिस्कचा देश.* वी ठरावीक देशाचीच डिस्क वाचतं. अमेरिकेच्या मशीनला युरोपची डिस्क चालत नाही. दुकानातच लावून बघा.

*टीव्हीची वायर.* वीची वायर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची. नव्या टीव्हींना ती जागा बहुधा नसते, एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर लागतो.

*बोर्ड.* त्यात चार पेन्सिल सेल घाला. सेलच्या झाकणाखाली लाल बटण असतं आणि मशीनवरही एक झाकणाखाली लाल बटण असतं. दोन्ही दाबली की जोडणी होते. मग स्वतः उभे राहा आणि वजन कुठे जास्त दिसतं ते पाहा. आता टीव्हीकडे पाठ करून उभे राहा. तुमचा स्वतःचा कल असेल तर तो आता उलट बाजूला दिसेल. पडद्यावर तीच बाजू जड राहिली तर सेन्सर बिघडलाय, बोर्ड घेऊ नका.

*सेन्सर बार.* टीव्हीखाली ठेवायची वायरवाली बारीक पट्टी. वापरलेल्या सेटमधून हीच हरवलेली असते, आणि तिच्याशिवाय रिमोटनं पडद्यावर नेम धरता येत नाही.

पायरी ६: दहा बाय बाराच्या खोलीत

बोर्ड कडक, सपाट फरशीवर ठेवा. मऊ गादी किंवा जाड सतरंजीवर ठेवला तर आकडे चुकतात आणि बोर्ड डुगडुगतो. फरशी गुळगुळीत असेल तर खाली पातळ रबराची शीट चालेल. समोर चार पायांचा वॉकर ठेवा, गरज पडली तर धरायला. मागे दोन फूट काही नको, विशेषतः लोखंडी पलंगाची कड नको. पाय अनवाणी आणि कोरडे. मोजे घसरतात. पावसाळ्यात मी आधी फरशी कोरड्या फडक्यानं पुसते, मग ताईचे तळपाय.

सांभाळणाऱ्यानं हात धरायचा नाही. हात धरला की सगळा तोल त्या हातावर येतो, आणि पडताना दंड ओढला जातो. फिजिओंकडे कमरेला बांधायचा पट्टा मिळतो, गेट बेल्ट म्हणतात त्याला. तो बांधून तुम्ही मागे, जरा बाजूला उभे राहा आणि पट्टा सैल धरा. तो कसा बांधायचा आणि धरायचा हे एकदा त्यांच्याकडूनच शिकून घ्या.

पायरी ७: ओळख करून द्यायची घाई नको

पहिल्या दिवशी मी बोर्ड जमिनीवर ठेवला आणि "ये ताई, उभी राहा" म्हटलं. ताईनं बोर्डकडे पाहिलं, साडी-पोलक्यातल्या आजीसारखी सावकाश खाली वाकली, आणि त्यावर मांडी घालून बसली. ताटाची वाट पाहावी तशी. तिच्यासाठी तो पाट होता. मी तिला उठवायला गेले, मग थांबले. कारण वी फिटमध्ये नेमका असाच एक खेळ आहे: बोर्डवर मांडी घालून बसायचं आणि पडद्यावरच्या मेणबत्तीकडे बघत अजिबात हलायचं नाही. आम्ही तिथूनच सुरुवात केली. घरात आजही त्या बोर्डाला सगळे पाटच म्हणतात.

काही खेळ सुरुवातीला बंद असतात, थोडा वेळ खेळल्यावर उघडतात. ते तुम्ही आधी रात्री खेळून उघडून ठेवा, म्हणजे तिला ताटकळावं लागणार नाही.

एक गोष्ट फार महत्त्वाची. वी फिट सुरुवातीला उंची विचारतं, वजन करतं, आणि वजन जास्त असेल तर पडद्यावरची बाहुली तिथल्या तिथे जाड करून दाखवतं. ताईनं ती बाहुली पाहिली आणि आपलं पोट हातानं झाकलं. तो क्षण मी विसरलेले नाही. ही नोंदणी करताना टीव्हीचा पडदा त्यांच्याकडे नको, आणि नंतर ती शरीरचाचणी उघडूच नका.

शब्द ठरवून घ्या. आमचे चारच आहेत: "डावीकडे रेल", "उजवीकडे रेल", "मधे ये", "थांब". घरातल्या सगळ्यांनी हेच वापरायचे. माझा मुलगा "लेफ्ट लेफ्ट" ओरडायचा आणि ताई गोठून जायची. एक सूचना दिली की पाच-सहा सेकंद गप्प राहा. तिला ते ऐकून अंगापर्यंत पोचवायला वेळ लागतो. आपण मधेच दुसरं बोललो की पहिलं पुसलं जातं.

आणि ही मोठी माणसं आहेत. "विशेष मूल" हा शब्द मी ३६ वर्षांच्या बाईसाठी वापरत नाही. बाहुलीचे केस, कपड्यांचा रंग ताईनं निवडला. सुरू करायचं बटण तीच दाबते. आज नको म्हणाली तर आज नाही. बक्षीस म्हणून चॉकलेट तर मुळीच नाही, वजन वाढलं की तोल आणखी अवघड होतो.

पायरी ८: खेळांचा क्रम

आमचा क्रम फिजिओंना दाखवून ठरवला होता. तुमचाही तसाच ठरवा.

पहिले दोन आठवडे: मांडी घालून मेणबत्ती, आणि मग बोर्डवर नुसतं उभं राहणं. खेळ नाही. चढणं-उतरणं हाच सराव. चढताना एक पाय, थांब, दुसरा पाय. लोक बहुतेक वेळा पडतात ते खेळताना नाही, तर खेळ संपल्यावर आनंदात उतरताना.

तिसऱ्या आठवड्यापासून: पाट कलवून गोळ्या भोकात पाडायचा खेळ. यात हालचाल सावकाश आणि चारही दिशांना असते. तोलासाठी याहून चांगला खेळ मला दिसला नाही. मग पेंग्विनचा, डावीकडे-उजवीकडे वजन नेऊन मासे पकडायचा.

दीड-दोन महिन्यांनी: बर्फावरून घसरत झेंड्यांमधून जायचा.

जपून: फुटबॉल डोक्यानं मारायचा. खरं तर त्यातही वजनच डावी-उजवीकडे न्यायचं असतं, पण चेंडू दिसला की माणूस मानेला झटका देतो. मधेच बूट आणि पांडाची डोकी अंगावर येतात, त्यानं गोंधळही होतो. आम्ही हा वगळला. दोरीवरून चालायचा खेळही वगळला. त्यात उडी घ्यायला गुडघे झटकन सरळ करायचे असतात, आणि माणसं बोर्डवर खरोखरच उडी मारतात.

ताईला हरल्यावरचं संगीत आवडत नाही. आम्ही आवाज बंद करून खेळतो आणि मी तोंडानं सांगते.

पायरी ९: किती वेळ, कधी थांबायचं

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. सुरुवात दहा मिनिटांनी, दोन महिन्यांत वीस-पंचवीसपर्यंत. प्रत्येक खेळानंतर खुर्चीवर बसून दोन घोट पाणी. जेवणानंतर लगेच नको.

चक्कर, छातीत दुखणं, ओठ निळसर दिसणं, धाप न थांबणं, मान धरणं, हाताला मुंग्या: यातलं काहीही झालं तर त्या दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन.

पायरी १०: पाटावरून जिन्यावर

पडद्यावरचे गुण वाढले म्हणून जिन्यावर तोल वाढला असं नसतं. माणूस खेळ खेळायला शिकतो, त्याच्या खुब्या शिकतो. ताईचे गोळ्यांच्या खेळातले गुण महिन्यात दुप्पट झाले आणि एका पायावरचे सेकंद होते तिथेच राहिले. फिजिओ म्हणाल्या, खेळानंतर लगेच पाच मिनिटं तीच हालचाल खऱ्या जागी करा. म्हणून आता खेळ संपला की ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलणं, उंबरठा ओलांडून मागे येणं, आणि चाळीच्या जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या. तेव्हापासून आकडे हलले.

दर चार आठवड्यांनी पायरी ४ च्या तीन मोजण्या पुन्हा करा आणि वही फिजिओंना दाखवा. दोन वेळा आकडा तसाच राहिला तर खेळ बदला किंवा वेळ बदला. आकडा खाली गेला तर खेळ थांबवून आधी डॉक्टरांकडे जा, कारण त्याचं मूळ थायरॉइडमध्ये, डोळ्यांत किंवा मानेत असू शकतं. गावी किंवा गणपतीच्या गर्दीत दोन आठवडे खंड पडला तर परत पहिल्या आठवड्याच्या खेळांपासून सुरू करा. आणि जाण्यापूर्वी बोर्डातले सेल काढून ठेवा, मुंबईच्या दमट हवेत ते फुटून आतले पत्रे गंजतात.

ताईच्या वहीतली शेवटची नोंद अशी आहे. उजवा पाय नऊ सेकंद, डावा चार. त्याखाली तिनं स्वतः लाल पेननं पुलाचं चित्र काढलं आहे आणि त्यावर दोन बायका. एकीचा हात कठड्यावर आहे, दुसरी दोन पायऱ्या मागे आहे. मागची मी आहे, असं तिनं सांगितलं.